नांदणे हुकमाने होत नाही

बडोदे शहरात फतेगंज मागे टाकून छाणीच्या दिशेने निघाले म्हणजे निजामपुऱ्याची वस्ती लागते. गायकवाडांच्या राज्याबरोबर मराठी माणूस या शहरात आला, संस्थान विलीन झाले तरी येथेच राहिला, आणि जुन्या पेठांतून बाहेर पडून निजामपुऱ्यासारख्या वस्त्यांतही स्थिरावला. या घरांतील मुली सयाजीराव विद्यापीठात शिकतात, नोकऱ्या करतात, आणि आपल्या कोकण-गोव्याकडील मुलीही लग्न होऊन या घरांत जातात. अशा एखाद्या मुलीचे सासरी जमले नाही, ती माहेरी परतली आणि स्वतःच्या पायांवर उभी राहू लागली, तर काय होते? अमुक दिवसांच्या आत नांदावयास यावे, न आल्यास न्यायालयात दावा लावण्यात येईल, अशी वकिलाची नोटीस तिच्या दारी येऊ शकते. हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तशी सोय आहे. वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन असे या कलमाचे भारदस्त नाव असले, तरी बोलीभाषेत आपण त्याला नांदावयास आणण्याचा दावा म्हणतो, आणि बोलीभाषाच येथे अधिक खरी आहे.

ही नोटीस आजची नाही. मार्च १८८४ मध्ये अशीच नोटीस मुंबईतील एका मराठी मुलीस आली होती. तिचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि तिचे नाव रखमाबाई. तिच्या पुढील आयुष्यातील पस्तीस वर्षांची वैद्यकीय सेवा सुरत व राजकोट येथे, म्हणजे गुजरातेतच, घडली. म्हणून बडोद्याच्या मराठी वाचकांस तिची आठवण विशेष जवळची वाटावी. परंतु आम्ही आज तिची आठवण काढतो ती केवळ गौरवासाठी नाही. ज्या कायद्याशी ती झगडली तो कायदा तिच्या पश्चात नाहीसा झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे, आणि ती दूर करणे हे वृत्तपत्राचे काम आहे असे आम्ही मानतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई ऐन सतराव्या वर्षी विधवा झाली. सुतार ज्ञातीत विधवाविवाहास मज्जाव नसल्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यक तर होतेच, शिवाय वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास मंडळाच्या संस्थापक सभासदांत त्यांची गणना होते. अशा सुशिक्षित घरातही काळाची रीत चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. मात्र वयात आल्यावर मुलीची तत्काळ सासरी पाठवणी करण्यास डॉ. सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. ती आईवडिलांच्या घरीच राहिली, मिळेल ती पुस्तके वाचू लागली, आणि जावई मात्र मामाच्या घरी राहून दिवसेंदिवस निरुद्योगी होत गेला.

अखेर दादाजीने दावा लावला. रखमाबाईंचा बचाव असा होता की, आपले पोषण करण्याची व आपणांस निवारा देण्याची त्याची ऐपत नाही, त्याची प्रकृती धड नाही, आणि ज्याच्या आश्रयाने तो राहतो त्या माणसाचे वर्तन चांगले नाही. वडिलांकडून आपल्याकडे आलेल्या मालमत्तेवर त्या मंडळींचा डोळा आहे, असेही तिचे म्हणणे होते. पण या साऱ्या कारणांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. ज्या वयात संमतीचा अर्थही कळत नाही त्या वयात लावलेले लग्न आपणांस मान्य नाही, असे एक हिंदू मुलगी उघडपणे म्हणत होती.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद आजही विचारात घेण्याजोगा आहे. पतिपत्नी एकत्र नांदत असता एकाने दुसऱ्यास सोडले, तर पूर्वस्थिती परत आणा असा दावा समजू शकतो. परंतु येथे दोघे कधी एकत्र राहिलेच नव्हते, मग परत आणावयाचे ते काय? शिवाय अशा प्रकारचा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नसून इंग्लंडातून आयात झालेला आहे, आणि अजाण वयात लग्न झालेल्या तरुणीस तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे हे रानटीपणाचे होईल, असे त्यांनी म्हटले. या निकालाविरुद्ध अपील झाले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निर्णय फिरवला आणि दावा पुन्हा चौकशीस पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली.

त्याच्या आदल्याच आठवड्यात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात निवर्तल्या होत्या. अमेरिकेस जाऊन डॉक्टर होऊन आलेल्या त्या तरुणीसाठी महाराष्ट्र हळहळला. पतीच्या प्रोत्साहनाने विद्या मिळविणाऱ्या स्त्रीबद्दल समाज अभिमान बाळगू शकत होता. पतीस नकार देऊन विद्येची इच्छा धरणाऱ्या स्त्रीबद्दल मात्र तोच समाज दुभंगला. न्यायमूर्ती तेलंग पुढे उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसले. त्या वेळी ते वकील म्हणून रखमाबाईंच्या बाजूने उभे होते. बेहरामजी मलबारी यांनी तिच्या मदतीसाठी रान उठविले. उलट पक्षी लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी तिच्याविरुद्ध कठोर भूमिका घेतली. पिन्ही यांना हिंदू कायद्याचे मर्म समजलेले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. टिळकांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो सांगावयास नको. परंतु परकी सरकारने आमच्या घरात हात घालू नये या भूमिकेचे टोक गाठताना, ज्या हुकमाचे समर्थन केले जात होते तो हुकूमच मुळी परकी कायद्याचा आहे, ही विसंगती नजरेआड झाली, असे आम्हांस वाटते.

ही विसंगती थोडी उलगडून सांगितली पाहिजे. पत्नीने पतीच्या घरी राहावे असा उपदेश आपल्या धर्मग्रंथांत भरपूर आहे, हे कोण नाकारील? परंतु न आल्यास दिवाणी न्यायालयाच्या बेलिफाने तिला समन्स बजवावे आणि तुरुंगात धाडावे, ही कल्पना इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांतून निघाली. तिकडून ती हिंदुस्थानातील न्यायालयांत आली आणि एकोणिसाव्या शतकात येथे रुजली. गंमत अशी की, खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये, म्हणजे रखमाबाईंस नोटीस आली त्याच वर्षी, अशा हुकमाच्या भंगाबद्दल कैदेची शिक्षा रद्द केली. आपल्याकडे ती शिक्षा १९२३ पर्यंत राहिली. इंग्लंडने १९७० मध्ये असा दावाच कायद्यातून काढून टाकला. आपण मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात त्याला नवव्या कलमाचे मानाचे पान दिले. तो कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदीच्या घरात पोहोचलेल्या डॉ. रखमाबाईंनी मुंबईत देह ठेवला. जो दावा तिच्या तारुण्यावर कोसळला होता, तो स्वतंत्र भारताच्या संहितेत लिहिला गेलेला तिच्या हयातीतच लिहिला गेला.

तुरुंगाची वेळ रखमाबाईंवर प्रत्यक्षात आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाच्या बजावणीचा आग्रह सोडला. लग्न मात्र मोडले नाही. मोडण्याची सोयच नव्हती. हिंदू पुरुषास एक पत्नी असता दुसरी करण्यास तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाईंस मात्र ती वाट बंद होती. कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या साहाय्याने ती इंग्लंडास गेली, १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाली आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. परत येऊन १८९५ पासून तिने सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. तेथे वीस वर्षांहून अधिक काळ तिने काम केले, आणि १९१८ च्या सुमारास ती राजकोटच्या जनाना इस्पितळात गेली. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून तिने पुस्तिका लिहिली. १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा ज्याच्या घरी ती एक दिवस नांदली नव्हती त्याच्यासाठी तिने पांढरे लुगडे नेसले. या कृतीचा अर्थ आपापल्या परीने लावला जातो. आम्ही एवढेच म्हणतो की, जिला धर्मबुडवी म्हणून हिणविण्यात आले, तिने आपल्या समाजाशी नाते तोडले नव्हते. तिने नाकारला होता तो बळजबरीचा संसार.

येथे बडोद्याचा इतिहास आठवणे योग्य होईल. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ मध्ये आपल्या राज्यात बालविवाहप्रतिबंधक कायदा केला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय बारा व मुलाचे सोळा असे ठरविले. आजच्या दृष्टीने ही वये किती लहान! परंतु ब्रिटिश हिंदुस्थानात विवाहाचे वय ठरविणारा सारडा कायदा १९२९ मध्ये आला, म्हणजे बडोदे पंचवीस वर्षे पुढे होते. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे झाले, आणि त्यात मुलीही होत्या. १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात तसा कायदा होण्यास १९४७ उजाडले. म्हणजे ज्या गायकवाडी मुलखात आजचा निजामपुरा वसला आहे तेथील हिंदू स्त्रीस जे दार १९३१ मध्ये उघडले, ते रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असलेल्या ब्रिटिश अमलातील सुरतेच्या स्त्रीस आणखी सोळा वर्षे बंद होते. महाराणी चिमणाबाईंनी १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. कायदा हा लोकमताच्या मागे फरफटत जावयाचा असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी बडोद्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता आजच्या कायद्याकडे वळू. नवव्या कलमाखाली हुकूमनामा झाला आणि दुसरा पक्ष नांदावयास आला नाही, तर त्याला तुरुंगात धाडता येत नाही. त्याची मालमत्ता मात्र जप्त करता येते. वर्षभरात दोघे पुन्हा एकत्र आले नाहीत, तर त्या आधारे घटस्फोट मागता येतो. १९८३ मध्ये या कलमाची कसोटीची वेळ आली. सोळाव्या वर्षी, शाळेत शिकत असताना, एका मुलीचे लग्न तिरुपतीस झाल्याचा दावा होता. दोघे जवळजवळ लगेच वेगळी झाली, आणि ती मुलगी पुढे दक्षिणेतील नामांकित चित्रपट अभिनेत्री झाली. मग तिने नांदावयास यावे म्हणून दावा लागला. रखमाबाईंच्या खटल्यास बरोबर शंभर वर्षे होत आली असता तोच प्रसंग जणू पुन्हा उभा राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरविले. कोणाशी देहसंबंध ठेवावा आणि मातृत्व पत्करावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार या हुकमाने स्त्रीच्या हातून निघून सरकारच्या हाती जातो, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने उलट मत दिले, आणि १९८४ मध्ये सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नववे कलम वैध ठरविले. विवाह मोडू नयेत हा त्यामागील सामाजिक हेतू आहे आणि जप्तीपलीकडे कोणतीही सक्ती नाही, असे न्यायालयाने म्हटले.

त्यानंतर बराच काळ लोटला आणि न्यायाचा सूर हळूहळू बदलू लागला आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत म्हणून मान्य केला. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या चर्चापत्रात ही तरतूद वगळण्याच्या सूचनेस अनुकूलता दर्शविली. २०१९ मध्ये गांधीनगरच्या विधी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, हुकूमनामा झाला तरी कोणत्याही स्त्रीला पतीबरोबर राहण्यास भाग पाडता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये झारखंडातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नांदण्याचा हुकूम पाळला नाही एवढ्याच कारणाने पत्नीची पोटगी बंद होत नाही. न येण्यास तिच्याजवळ सबळ कारण असू शकते.

हा शेवटचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो या कलमाचा खरा उपयोग उघडा करतो. नांदावयास ये असा दावा लावणाऱ्या प्रत्येकास खरोखरच बायको घरी यावी असे वाटत असते काय? वकिलीच्या व्यवसायातील माणसे जाणतात की, पत्नीने पोटगीचा अर्ज केला की त्याला उत्तर म्हणून हा दावा पुष्कळदा दाखल होतो. हुकूम मिळाला की, मी तर तिला घ्यावयास तयार होतो, तीच आली नाही, असे म्हणावयास पती मोकळा होतो. झारखंडातील त्या स्त्रीस कुटुंब न्यायालयाने मंजूर केलेली दरमहा दहा हजार रुपयांची पोटगी उच्च न्यायालयाने याच कारणावरून काढून घेतली होती. ती परत मिळविण्यास तिला दिल्लीपर्यंत जावे लागले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण ज्यांना ती पायरी दुसऱ्याने चढावयास लावली, त्यांनी काय करावे?

तरुण स्त्रीने नकार द्यावा, न्यायालयात उभे राहावे आणि त्याची किंमत स्वतःच्या देशात भोगावी, हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जपानमधील शिओरी इतो या तरुण पत्रकाराची हकीकत ताजी आहे. २०१५ मध्ये एका वजनदार पत्रकाराने आपल्यावर बलात्कार केला, अशी तिची तक्रार होती. त्या माणसाने ती नाकारली आणि २०१६ मध्ये सरकारी वकिलांनी फौजदारी खटला भरण्यास नकार दिला. २०१७ मध्ये तिने नाव व चेहरा न लपविता आपली कहाणी देशापुढे मांडली. तिच्यावर निंदेचा एवढा वर्षाव झाला की, ती लंडनला राहावयास गेली. एकशे तीस वर्षांपूर्वी रखमाबाई ज्या शहरात विद्येसाठी गेल्या, त्याच शहराचा आसरा या जपानी तरुणीसही घ्यावा लागला. डिसेंबर २०१९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने तिचा दिवाणी दावा मान्य करून तेहतीस लाख येन भरपाई देवविली. जानेवारी २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला. मात्र तिच्या लिखाणातील काही भाग बदनामीकारक ठरवून तिलाही साडेपाच लाख येन भरावयास सांगितले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात हा निर्णय पक्का झाला. २०२३ मध्ये जपानने आपल्या दंडसंहितेत सुधारणा करून संमतीचा अभाव हा गुन्ह्याचा गाभा मानला आणि संमतीचे वय तेरावरून सोळावर नेले.

दोन देश, दोन शतके, दोन निराळे प्रश्न. एकीकडे विवाहातील सक्तीचा, दुसरीकडे अत्याचाराचा. दोहोंची तुलना शब्दशः करता येणार नाही. तरी दोघींच्या खटल्यांत एकच प्रश्न अखेरीस न्यायासनापुढे येऊन थांबतो. स्त्रीच्या देहावर तिच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो काय? आणि दोघींवर आरोपही एकच झाला, की तुम्ही घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणून समाजाची बेअब्रू केली. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या सहीने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी पत्रे लिहिली, तेव्हाही त्या इंग्रजी पत्राची वाट धरल्याबद्दल तिला दूषणे देण्यात आली. जेथे घरात ऐकणारे कोणी नसते तेथे माणूस चव्हाट्यावर जातो, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

या कलमाच्या बाजूने जे बोलले जाते त्यातील सारेच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. पहिला मुद्दा असा की, हे कलम स्त्रीपुरुष दोघांनाही सारखेच लागू आहे, आणि नवऱ्याने टाकून दिलेल्या स्त्रियाही त्याचा आधार घेतात. खरे आहे, सरोज राणी खटल्यातील मूळ अर्ज पत्नीचाच होता. परंतु त्या खटल्याचा शेवट पाहावा. पत्नीने नांदवावे म्हणून हुकूम मिळविला, पतीने तो मान्य असल्याचे सांगितले, प्रत्यक्षात संसार झाला नाही, आणि वर्ष लोटल्यावर त्याच हुकमाच्या आधारे पतीने घटस्फोट मिळविला. जी स्त्री आधारासाठी गेली तिच्या हाती शेवटी पोटगीपलीकडे काही राहिले नाही. टाकलेल्या स्त्रीस खरा आधार द्यावयाचा तो पोटगीचा, राहत्या घराचा आणि मुलांच्या ताब्याचा. त्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. ते बळकट करावेत.

दुसरा मुद्दा असा की, रागाच्या भरात दूर गेलेल्या पतिपत्नीस विचारास अवसर मिळावा, कोणी मध्यस्थाने त्यांना जवळ आणावे. हा हेतू उत्तम आहे. पण त्यासाठी समुपदेशन आहे, मध्यस्थी आहे, आप्तेष्टांची चार समजुतीची वाक्ये आहेत. हुकूमनामा आणि जप्ती ही समजुतीची साधने नव्हेत. ज्या घराच्या उंबरठ्यावर सून जप्तीच्या धाकाने पाऊल टाकते, त्या घरात लक्ष्मी नांदते असे म्हणण्याचे धाडस कोणता हिंदू करील?

तिसरा मुद्दा धर्माचा आणि कुटुंबसंस्थेचा. विवाह हा आम्हां हिंदूंचा संस्कार आहे, करार नव्हे, असे अभिमानाने सांगितले जाते. ते मान्य करून आम्ही विचारतो: जो संस्कार आहे त्याची अंमलबजावणी दिवाणी दरखास्तीने कशी होणार? सप्तपदीतील सात पावले वधू स्वतःच्या पायांनी चालते. तिला कोणी ओढून नेत नाही. पतीचे घर सोडून आलेल्या मुलीस बेलिफाकरवी परत बोलावणे ही परंपरा नव्हे. ती इंग्रज चर्चची उसनवारी आहे, आणि देणाऱ्या सावकारानेच ती केव्हाची बुडीत खाती टाकली आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. संसदेने हिंदू विवाह कायद्यातील नववे कलम रद्द करावे, आणि त्याच हुकमावर उभी असलेली घटस्फोटाची तरतूदही त्याबरोबर सुधारावी. ज्यांना विभक्त व्हावयाचे आहे त्यांना या आडवाटेने नेण्याचे कारण नाही. इतर धर्मीयांच्या वैयक्तिक कायद्यांतील आणि विशेष विवाह कायद्यातील अशीच तरतूदही जावी, कारण संमतीचा प्रश्न धर्माधर्मांत वेगळा नसतो. समान नागरी कायद्याची चर्चा देशात जोरात आहे. गुजरात सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विषयावर समिती नेमली. जेथे जेथे नवी संहिता लिहिली जाईल तेथे जुन्यातून काय घ्यावे याची चर्चा होईलच. काय टाकून द्यावे याचीही व्हावी. सयाजीरावांच्या बडोद्यातून ही मागणी उठली, तर ती त्या भूमीला साजेशीच ठरेल.

परंतु कायद्याने सारे होत नाही, हेही आम्ही जाणतो. रखमाबाईंच्या खटल्याची कहाणी सांगताना न्यायाधीशांची, वकिलांची, संपादकांची नावे घेतली जातात. एका माणसाचा मोठेपणा मात्र त्या गर्दीत हरवतो. डॉ. सखाराम अर्जुन हे तिचे सावत्र वडील. दावा लावणारा दादाजी त्यांच्याच नात्यातला. लोक काय म्हणतील याची भीती त्यांनाही असणारच. तरीही त्यांनी मुलीस घराबाहेर काढले नाही, तिचे शिक्षण थांबविले नाही, आणि पहिला निकाल लागण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, ते निवर्तले. एका सावत्र बापाने जे केले ते सख्ख्या आईबापांना आज जमत नसेल, तर एकशे चाळीस वर्षांत आपण काय मिळविले? निजामपुऱ्यातील असो, दादरची असो, मडगाव वा मालवणची असो, सासरहून परतलेल्या मुलीस पहिला प्रश्न, परत केव्हा जाणार, हा विचारला जाऊ नये. तुला काय हवे आहे, असे तिला विचारावे.

नांदणे हा मराठी भाषेतील किती सुंदर शब्द आहे! त्यात सुख आहे, वास्तव्य आहे, समृद्धी आहे. घरात लक्ष्मी नांदते, गावात शांतता नांदते, आणि या साऱ्या गोष्टी आपल्या पायांनी येतात, आपल्या मर्जीने राहतात. दरबारी हुकमाने येतो तो ताबा. कायद्याच्या पुस्तकाने या दोहोंतील फरक मानावा, एवढीच रखमाबाईंची मागणी होती. ती अजून पुरी व्हावयाची आहे.